बोटीवरच्या पंगती

आपल्याकडे 'पंक्तिप्रपंच' असा एक मार्मिक शब्द आहे. एकाच पंगतीला बसलेल्या माणसांपैकी कोणाच्या पानात तुपाची धार सढळ हाताने पडावी आणि कोणाला वाढप्याने नुसते तूपवाढीचे दर्शन घडवून पुढे सरकावे, या भेदाला आपल्या वाडवडिलांनी हे नाव दिले. लग्नकार्यात हा प्रकार आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. पण हाच शब्द बरोबर घेऊन मोठमोठ्या प्रवासी बोटींच्या भोजनगृहांत शिरले, तर तेथील पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चांगला उलगडतो असा माझा अनुभव आहे. बोटीवर कोणता पदार्थ लोकांना आवडतो, कोणत्या उपाहारगृहात जागा मिळणे कठीण जाते, या प्रश्नांची उत्तरे केवळ जिभेपाशी मिळत नाहीत. कोणी कोणाबरोबर जेवायचे आणि ते कोणी ठरवायचे, यापाशी ती मिळतात. प्रस्तुत लेखात तेच सांगण्याचा प्रयत्न आहे.

मी स्वतः अशा बोटीतून प्रवास केलेला नाही. तसा योग येईल असे आमच्या घरची परिस्थिती पाहता वाटतही नाही. परंतु आमचे मामा वेंगुर्ल्याचे. त्यांनी चौदा वर्षे परदेशी प्रवासी बोटींच्या भटारखान्यात काढली. (बोटीवर भटारखान्याला 'गॅली' म्हणतात.) घरी परतताना इतर लोक परफ्युमच्या बाटल्या आणत, मामा जेवणाची छापील मेनू-कार्डे आणत. त्या कार्डांचा एक गठ्ठा आमच्या घरी आहे. इतिहास हा माझा विषय, त्यामुळे या गठ्ठ्याकडे माझे लक्ष गेले आणि मग त्यामागचा जुना धागा मी शोधू लागलो. मेनू-कार्ड हे इतिहासाचे साधन होऊ शकते हे ऐकून कोणाला हसू येईल; पण न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बटॉल्फ नावाच्या बाईंनी १९०० सालापासून जमवलेल्या सुमारे पंचवीस हजार मेनू-कार्डांचा संग्रह आहे आणि त्यात आगबोटींवरची कार्डे भरपूर आहेत. राजांच्या सनदा जपाव्यात, तशी ती तेथे जपली जातात.

गाईपासून बर्फापर्यंत

सॅम्युअल क्युनार्ड यांच्या कंपनीची 'ब्रिटानिया' ही आगबोट १८४० साली लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाली, तेव्हा तिच्यावर एक गाय होती. ही काही गंमत नव्हे. बर्फाची यंत्रे नव्हती. उतारूंना ताजे दूध हवे असेल तर गायच बरोबर न्यावी लागे. त्या काळच्या बोटींवर कोंबड्या, मेंढ्या, डुकरे यांचे पिंजरे असत आणि प्रवास जसजसा पुढे सरके तसतसे ते रिकामे होत जात. बाकी सारा भरवसा खारवलेल्या मांसावर आणि दगडासारख्या कडक बिस्किटांवर. चार्ल्स डिकन्स १८४२ सालच्या जानेवारीत याच 'ब्रिटानिया'तून अमेरिकेला गेला आणि बोटीच्या भोजनगृहाची त्याने आपल्या प्रवासवर्णनात यथेच्छ टिंगल केली. म्हणजे त्या काळी आगबोटीवर जेवणे हे सुख नव्हते; पोहोचेपर्यंत तग धरण्याचे ते एक साधन होते.

शिडाच्या जहाजांतून अमेरिकेला जाणारे गरीब लोक तर कित्येकदा आपला शिधा आपणच घेऊन जात. आपल्या कोकणच्या बोटींनी ज्यांनी प्रवास केला आहे, त्या आजी-आजोबांना यात नवल वाटणार नाही. फडक्यात बांधलेली भाकरी, चटणी आणि उकडलेली अंडी घेऊनच माणूस भाऊच्या धक्क्यावर उभा राही. बोट पोहोचवणार, जेवण ज्याचे त्याने पाहायचे, असाच करार होता.

हे चित्र पालटले ते शीतयंत्रांमुळे. १८८२ साली 'डुनेडिन' या शिडाच्या जहाजाने न्यूझीलंडहून गोठवलेले मांस लंडनला सुखरूप पोहोचवले. जे मालवाहू जहाजाला जमले ते प्रवासी बोटींनाही जमू लागले आणि पिंजरे जाऊन त्यांच्या जागी थंड कोठारे आली. ताजे मांस, लोणी, फळे, आइस्क्रीम हे सारे भर समुद्रात मिळू लागले. आता जेवण ही कंपन्यांच्या चढाओढीची वस्तू झाली. आणि चढाओढ आली म्हटल्यावर पंक्तिप्रपंचही आला.

एका बोटीतील चार पंगती

'टायटॅनिक' बोटीची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण १४ एप्रिल १९१२ या तिच्या अखेरच्या पूर्ण दिवसाची तिन्ही वर्गांची मेनू-कार्डे शिल्लक आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. ती एकापुढे एक ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पहिल्या वर्गाच्या रात्रीच्या जेवणात एकामागून एक असे दहा टप्पे होते. कालवे, सूप, सामन मासा, मांसाचे निरनिराळे प्रकार. मध्येच तोंड स्वच्छ करण्यासाठी बर्फात घोटलेले मद्य. मग पुन्हा भाजलेले पक्षी. शेवटी जेलीतील पीच आणि चॉकलेटचे एक्लेअर. दुसऱ्या वर्गात भाजलेला हॅडॉक मासा, कोकरू, टर्की आणि प्लम पुडिंग होते. आणि त्याच यादीत चक्क 'करी चिकन आणि भात' होता! अटलांटिक महासागरावर, हिंदुस्थानपासून हजारो मैल दूर, इंग्रज मध्यमवर्गाच्या ताटात आपल्या रश्शाचा तो दूरचा नातेवाईक येऊन बसला होता. तिसऱ्या वर्गाला दुपारी भाताचे सूप, गोमांस, मका, उकडलेले बटाटे आणि पुडिंग. संध्याकाळी थंड मांस, चीज, लोणची, पाव-लोणी आणि भाताबरोबर शिजवलेले अंजीर. आणि रात्री पेज व बिस्किटे.

यावरून एकदम संतापून जाण्याचे कारण नाही. तिसऱ्या वर्गातील बरीच मंडळी आयर्लंड, स्वीडन, सीरिया अशा ठिकाणांहून पोटासाठी देश सोडून निघालेली होती. त्यांच्यापैकी अनेकांना रोज ताजा पाव आणि दोन वेळ मांस घरी कधीच मिळाले नसेल. त्या कार्डाच्या तळाशी, अन्नाबद्दल किंवा वाढप्यांच्या उद्धटपणाबद्दल तक्रार असल्यास बोटीच्या पर्सरला ताबडतोब कळवावे, अशी सूचनाही छापलेली आहे. गरिबाच्या जेवणालाही तक्रारीचा हक्क जोडलेला होता, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हे.

पण या तीन पंगतींखेरीज 'टायटॅनिक'वर एक चौथी पंगत होती. पहिल्या वर्गाचे भाडे भरून, वर आणखी पैसे मोजून, आपल्याला हवे ते आणि हवे तेव्हा मागवता येईल असे वेगळे उपाहारगृह. ही कल्पना जर्मनांची. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या बोटीवर रिट्झ या नामांकित हॉटेलाच्या नावाने असे पहिले उपाहारगृह निघाले. 'टायटॅनिक'वरचे उपाहारगृह लुइजी गाटी या इटालियन गृहस्थाकडे चालवायला दिले होते. त्याने आणलेले आचारी आणि वाढपी मुख्यतः इटालियन आणि फ्रेंच होते आणि ते बोट कंपनीचे नोकर नव्हते. ना खलाशी, ना उतारू, अशी त्यांची अवस्था. बोट बुडाली तेव्हा या सुमारे सत्तर जणांपैकी केवळ तिघे वाचले. त्यांतल्या दोन गल्ल्यावर बसणाऱ्या बाया होत्या. सर्वांत उंची पंगत वाढणाऱ्यांची ही गत. ते वाचले तेव्हा माझ्या मनात मामांचा विचार आला, हे मी लपवत नाही.

दरबारी महाल आणि त्यांचा अस्त

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बोटींची भोजनगृहे म्हणजे जणू राजवाड्यांतले दिवाणखानेच झाली. १९३५ साली निघालेल्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच बोटीचे पहिल्या वर्गाचे भोजनगृह ३०५ फूट लांब होते आणि त्यात सातशे माणसे एका वेळी जेवत. त्याला खिडकी नव्हती. लालिक या कलावंताच्या काचेच्या दीपस्तंभांनी ते उजळलेले असे. समुद्रावर आहोत याचा विसर पडावा हाच हेतू! पुढच्याच वर्षी इंग्रजांची 'क्वीन मेरी' निघाली. तिच्या मोठ्या भोजनगृहाच्या भिंतीवर अटलांटिकचा प्रचंड नकाशा होता आणि त्यावर बोटीची स्फटिकाची लहानशी प्रतिकृती सरकत असे. जेवता जेवता आपण कोठवर आलो ते पाहावे. याच बोटीवर मागील बाजूस 'व्हरांडा ग्रिल' नावाचे लहान उपाहारगृह होते. पहिल्या वर्गातील लोकांनाही तेथे वेगळे पैसे पडत, आणि म्हणूनच तेथे जागा मिळवण्यासाठी धडपड चाले. माणसाचा स्वभावच असा आहे की, समोरच्या भरल्या ताटापेक्षा बंद दारामागचे ताट त्याला अधिक खुणावते.

१९५८ साली अटलांटिकवरून जेट विमाने नियमित उडू लागली आणि ही सारी दुनिया पाहता पाहता ओसरली. पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आल्यावर बोटीने कोण जाणार? 'क्वीन मेरी' १९६७ साली निवृत्त झाली. मोठमोठ्या बोटी भंगारात निघाल्या.

मग बोट कंपन्यांनी एक नवीन युक्ती काढली. कोठेतरी पोहोचण्यासाठी बोटीत बसायचे, ही कल्पनाच त्यांनी सोडून दिली. बोटीत राहण्यासाठीच बोटीत बसायचे! १९६६ साली 'सनवर्ड' ही बोट अमेरिकेतील मायामी बंदरातून अशा सहलींना नेऊ लागली. या सहलीला 'क्रूझ' म्हणतात. १९६२ सालची 'फ्रान्स' ही भव्य फ्रेंच बोट याच धंद्यासाठी विकत घेऊन १९८० साली 'नॉर्वे' या नावाने पुन्हा पाण्यात सोडण्यात आली. 'फ्रान्स'वर पहिल्या वर्गाचे एक आणि टूरिस्ट वर्गाचे दुसरे अशी दोन भोजनगृहे होती. 'नॉर्वे'वर त्यांना 'विंडवर्ड' आणि 'लीवर्ड' म्हणजे वाऱ्याकडचे आणि वाऱ्याआडचे अशी नावे मिळाली. वर्गाची पाटी गेली आणि दिशेची आली!

एकच पंगत, दोन फेऱ्या

क्रूझच्या या पहिल्या तीस वर्षांत बोटींवर बहुधा एकच वर्ग असे. मोठ्या भोजनगृहात संध्याकाळी पंगत दोनदा बसे, एक लवकरची आणि एक उशिराची. प्रत्येकाचे टेबल ठरलेले, शेजारी ठरलेले आणि वाढपीही ठरलेला. आठ अनोळखी माणसे पहिल्या रात्री एकमेकांकडे चोरून पाहत आणि सातव्या रात्री पत्ते लिहून घेत. हे सारे आपल्या पंगतीच्या फार जवळचे होते असे मला वाटते.

बोटीवरचे जे पदार्थ लोकांच्या कायम लक्षात राहिले, ते याच सामाईक जेवणांतले. सकाळी अकराला डेकवर फिरणारे कढत 'बुयाँ', म्हणजे मांसाचे पातळ सूप, हे त्याआधीच्या मोठ्या बोटींकडून आलेले. मध्यरात्रीची मेजवानी, जिच्यात बर्फाचे कोरलेले हंस आणि कलिंगडांची फुले मांडलेली असत, ती या काळातली. आणि या सर्वांवर कडी म्हणजे 'बेक्ड अलास्का'.

हा पदार्थ समजून घेण्यासारखा आहे. खाली केकचा थर, त्यावर घट्ट आइस्क्रीम आणि बाहेरून अंड्यातील पांढरा भाग साखरेबरोबर फेटून केलेल्या फेसाचे जाड लिंपण. हा गोळा कडक तापलेल्या भट्टीत काही मिनिटे ठेवतात. बाहेरचा फेस तांबूस होतो, पण आतले आइस्क्रीम वितळत नाही! यात जादू काही नाही. फेसात हवेचे असंख्य बुडबुडे असतात आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी आत जाऊ देत नाही. गोधडी आपल्याला ऊब देते ती याच नियमाने. सफरीच्या शेवटच्या दिवसांत एका रात्री भोजनगृहातले दिवे मालवत आणि सगळे वाढपी हा पदार्थ डोक्यावर धरून, त्यावर ज्योती नाचवत, रांगेने फिरत. लोक हातरुमाल हवेत फिरवून त्यांना दाद देत. मामांच्या मते चवीला तो काही मोठा नव्हे. पण सर्वांना एकाच वेळी, एकाच दिव्याच्या उजेडात तो मिळे, म्हणून तो लोकांचा लाडका झाला.

पंक्तिप्रपंच परत येतो

१९९० साली 'क्रिस्टल हार्मनी' या बोटीवर मोठ्या भोजनगृहाखेरीज एक इटालियन आणि एक जपानी उपाहारगृह निघाले. पुढे २००० च्या सुमारास नॉर्वेजियन कंपनीने ठरलेले टेबल आणि ठरलेली वेळ हा नियमच आपल्या बोटींवर सैल केला: जेथे वाटेल तेथे, जेव्हा वाटेल तेव्हा जेवा. लोकांना हे अर्थातच आवडले. पण या नव्या उपाहारगृहांपैकी बहुतेक ठिकाणी तिकिटाच्या वर वेगळे पैसे पडू लागले. २०२४ साली पहिल्या सफरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या बोटीवर खाण्यापिण्याची वीसहून अधिक ठिकाणे आहेत; काही तिकिटात, तर काही वरकड पैशांत.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण मला 'क्वीन मेरी २' या बोटीचे वाटते. ही बोट फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधली गेली. 'नॉर्मंडी' आणि 'फ्रान्स' यांचे जन्मस्थानही तेच. जानेवारी २००४ मध्ये ती पहिल्या सफरीवर निघाली. तिच्या मुख्य भोजनगृहाचे नाव 'ब्रिटानिया', म्हणजे ज्या बोटीवर गाय होती तिचेच. हे भोजनगृह बोटीच्या पूर्ण रुंदीचे आहे. वरच्या मजल्यावरून रुंद जिना खाली उतरतो आणि सुमारे साडेतेराशे माणसे तेथे एका वेळी जेवू शकतात. लवकरची व उशिराची पंगत ही जुनी प्रथाही या बोटीने पुढे चालवली.

परंतु ज्यांनी मोठ्या खोल्या घेतल्या त्यांच्यासाठी 'प्रिन्सेस ग्रिल', आणि त्याहून मोठे दालन घेतलेल्यांसाठी 'क्वीन्स ग्रिल'. तेथे कार्डावर नसलेला पदार्थही आधी सांगितल्यास करून मिळतो. म्हणजे आपण कोठे झोपतो यावरून आपण कोठे जेवायचे हे ठरते. 'वर्ग' हा शब्द कोणी उच्चारत नाही. पण काम तोच करतो. जुन्या 'क्वीन मेरी'ची आठवण म्हणून 'व्हरांडा' नावाचे वेगळ्या पैशांचे उपाहारगृहही पुढे या बोटीवर आले.

याच बोटीवर दुसरी बाजूही आहे. 'किंग्ज कोर्ट'मध्ये ज्याने त्याने आपली थाळी घेऊन हवे ते वाढून घ्यायचे. 'गोल्डन लायन' ही इंग्रजी पद्धतीची मद्यशाळा. तेथे दुपारी तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी खायला लोक गर्दी करतात. आणि 'क्वीन्स रूम' या नृत्यगृहात रोज दुपारी चहा असतो. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी स्कोन, मलई, मुरंबा आणि काकडीची सँडविचे घेऊन फिरतात. या चहाला कोणत्याही खोलीतला उतारू जाऊ शकतो. या बोटीवरच्या आवडत्या गोष्टींची यादी केली, तर तळलेला मासा आणि चहा यांचा क्रम फार वर लागतो. उंची पदार्थांना मागे टाकून साध्या पदार्थांनी लोकांची मने जिंकावीत, यात मला तरी आनंद वाटतो.

गॅलीतले गणित

आता थोडे पडद्यामागे जाऊ. बोटीवर आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून क्रूझ बोटीच्या गॅलीत उघडा जाळ नसतो. चुली विजेच्या असतात. बोट डोलू लागली की भांडी घसरू नयेत म्हणून चुलींभोवती कठडे असतात. वादळात टेबलावरच्या चादरी ओल्या करून अंथरण्याचीही जुनी पद्धत आहे. ओल्या कापडावर ताटली सरकत नाही. अमेरिकन बंदरांना जाणाऱ्या बोटींची तेथील सरकारी आरोग्य खाते अचानक तपासणी करते. ही योजना १९७० च्या दशकात सुरू झाली. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर बोट नापास. (आपल्या विद्यापीठाने हा नियम लावला तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी!) थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि गरम पदार्थ ५७ अंशांच्या वर ठेवायचे, हा तेथला पहिला धडा. उरलेल्या अन्नाचेही नियम आहेत. सर्वसाधारण समुद्रात, दळून बारीक केलेले अन्न किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत आणि न दळलेले बारा मैलांच्या आत टाकता येत नाही.

लोकांना काय आवडते हे गॅलीत कसे कळते, असे मी मामांना एकदा विचारले. त्यांचे उत्तर होते, "परत आलेल्या ताटल्या बघायच्या." कार्डावर ज्याचे नाव मोठे तो पदार्थ अर्धा परत येई, आणि भाजलेला बटाटा, कोंबडी, गरम चॉकलेटचा केक यांच्या ताटल्या पुसल्यासारख्या येत. समुद्र खवळला की मात्र सारे गणित बदले. मग कोरडी बिस्किटे, आले आणि हिरवी सफरचंदे यांनाच मागणी. मळमळीवर तो जुना उतारा आहे. मामा हसून म्हणत, "दर्या खवळलो काय सगळ्यांचो क्लास एकच!"

वाढणारे हात

या साऱ्या पंगती वाढणारे हात कोणाचे? येथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो आणि तो जुना आहे. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून गोव्याची माणसे प्रसिद्ध होती. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ असत. बोटीवर जाणाऱ्याला गोव्यात 'तारवटी' म्हणतात. हे तारवटी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडां'त, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत उतरत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. पी. अँड ओ.च्या जेवणात करी-भात नित्याचा झाला, त्यात या माणसांचा वाटा मोठा. खलाशांसाठी मात्र वेगळी चूल असे आणि त्यांचा आचारी तो 'भंडारी'. गोऱ्या खलाशाच्या मानाने यांना पगार फारच थोडा मिळे. बोट एक, समुद्र एक, चुली मात्र दोन.

आजच्या क्रूझ बोटींवरही पाण्याच्या पातळीजवळच्या मजल्यांवर नोकरवर्गाच्या पंगती बहुधा वेगवेगळ्याच असतात. अधिकाऱ्यांची एक, मधल्या कर्मचाऱ्यांची दुसरी आणि खालच्यांची तिसरी. मामा तिसऱ्या पंगतीत जेवत. तेथे फिलिपिनी, इंडोनेशियन आणि भारतीय मंडळी असल्यामुळे भात दिवसरात्र तयार असे. चौदा वर्षे त्यांनी परक्यांसाठी जगभरचे पदार्थ रांधले. पण त्यांना स्वतःला बोटीवर काय आवडे, असे विचारले तर ते सांगत, रात्री साडेअकराला पाळी संपल्यावर मिळणारा डाळभात, आणि गोव्याचा कोणी आचारी मर्जीत असला तर त्याने बाजूला काढून ठेवलेली बांगड्याची आमटी.

पाळी संपल्यावर, असे मी लिहिले खरे. पण ती संपे केव्हा? खलाशांच्या श्रमासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ साली अमलात आला. भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे. हा आकडा उलटा करून पाहिला की किती काम करून घेण्यास मुभा आहे ते कळते. आणि हे सहासहा, आठआठ महिने, रविवारची सुट्टी नसताना. करारात आणखी एक महत्त्वाचे कलम आहे: नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून दलाली घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला, खलाशाचे नोंदपुस्तक यांचा खर्च तेवढा त्याच्याकडून घेता येतो. आपल्याकडे भरती करणाऱ्या संस्थेजवळ नौवहन महानिदेशालयाचा परवाना असावा लागतो. मामांना पहिली बोट मिळाली तेव्हा त्यांच्याकडून एका दलालाने जी रक्कम घेतली, ती फेडण्यात आजीच्या पाटल्या गेल्या. त्या दलालाचे नाव येथे देऊन आता काही साधणार नाही. परंतु आपल्या महाविद्यालयातील काही मित्रांच्या मनात पदवीनंतर बोटीवर जाण्याचे आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहितो: पैसे मागणारा दारात आला, तर आधी त्याचा परवाना पाहा.

आपल्या दारची बोट

२०२१ साली मुंबईहून 'एम्प्रेस' ही क्रूझ बोट सफरी करू लागली. १९९० साली एका परदेशी कंपनीसाठी बांधलेली ती बोट आता आपल्या माणसांना गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे नेऊ लागली, आणि तिच्या भोजनगृहांत जैन पद्धतीच्या जेवणाची सोय झाली. कंपनीला गिऱ्हाईक हवे म्हणून ही सोय, हे उघड आहे. तरीही कांदा-लसूण न खाणारा आणि खेकडा फोडणारा असे दोघे एकाच छताखाली जेवू लागले, ही गोष्ट माझ्या मते लहान नाही. ज्या समाजात शतकानुशतके कोणी कोणाच्या पंगतीला बसायचे यावरून भांडणे झाली, त्या समाजाला समुद्राने दिलेली ही एक सवलतच म्हणायची.

सारांश, बोटीने पंगतीचे तीन प्रयोग केले. प्रथम तिने जन्म आणि भाडे पाहून माणसे वेगळी बसवली. मग काही काळ सर्वांना एका छताखाली आणले. आता ती प्रत्येकाला निवड देते आणि त्या निवडीची किंमत वेगळी लावते. निवड ही चांगलीच गोष्ट आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु मामांच्या गठ्ठ्यातील कार्डे आणि जुन्या नोंदी चाळताना माझी एक समजूत पक्की झाली आहे. बोटीवरून परतलेली माणसे ज्या खाण्याची आठवण काढतात, ते सहसा बंद दारामागचे नसते. अकराचे सूप, चारचा चहा, दिवे मालवून आलेला अलास्का, तळलेला मासा हे सगळ्यांच्या वाट्याला आलेले पदार्थ आहेत. खाली, पाण्याच्या पातळीजवळ, साडेअकराचा डाळभातही त्यातच धरावा.

या वर्षीच्या स्नेहसंमेलनात जेवणाची कूपने दोन रंगांची असावीत, पाहुण्यांची वेगळी आणि विद्यार्थ्यांची वेगळी, अशी सूचना आली आहे असे ऐकतो. समितीने निर्णय घेण्यापूर्वी हा लेख वाचावा, एवढीच विनंती.